गाडगेवाले बाबा

सकाळची वेळ. चिंध्या पांघरलेला एक माणूस गावात शिरतो. डोक्यावर फुटक्या मडक्याची खापर, टोपीसारखी पालथी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा. पोरे मागे लागतात. कुत्री भुंकतात. पाण्याला निघालेल्या बाया म्हणतात, "कोन येडा आला वं बाई!"

तो कुणाशी बोलत नाही. रस्ता झाडू लागतो. गटार तुंबले असेल तर उपसतो. भूक लागली की एखाद्या दारात जातो. पण भाकरी मागण्याआधी काम मागतो. लाकडे फोडून देऊ का? अंगण झाडू का? काम झाले की भाकरी त्याच खापरीत घेतो. कालवणही त्यातच, पाणीही त्यातच. रात्री कीर्तन असते. लोक जमतात. बुवा कुठे आहेत म्हणून शोधतात, तर सकाळचा तो येडाच पुढे उभा!

हे गाडगेबाबा. मडक्याला वऱ्हाडात गाडगे म्हणतात, त्यावरून लोकांनीच हे नाव पाडले. खरे नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना संत म्हणू लागले. आम्हांला मात्र ते गावोगावचे सोबती वाटतात. त्यांनी कुणाला चेला केले नाही. कुणी पाया पडायला वाकला तर ते काठी उगारत आणि पळ काढत.

बाप दारूपायी लवकर गेला. आई पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. देबूजी मामाची गुरे राखू लागला. मोठा झाल्यावर शेत कसू लागला, आणि कामाला असा की दोन गड्यांना भारी. मामाची जमीन चांगली होती. पण मामाला लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते त्याला कसे कळणार? सावकार सांगेल तो आकडा खरा. असे करता करता जमीन सावकाराकडे गेली. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा देबूजी आडवा झाला. पण कागद सावकाराच्या हातात होता. हातात बळ असून भागत नाही, हे देबूजीला त्या शेतात कळले. आमच्या मते बाबांचे पुढचे सारे आयुष्य त्या शेतातूनच निघाले.

देबूजीच्या मुलीचे बारसे झाले. जातीच्या रीतीने दारू आणि मटण हवे होते. त्याने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले. बापाला दारूने नेले होते. देबूजी काही ऐकेना.

१९०५ साली एके रात्री तो घर सोडून निघाला. घरी म्हातारी आई, बायको, लेकरे. त्या माउल्यांनी काय सोसले असेल, हेही आपण विसरू नये. बाबांची गोष्ट सांगताना लोक ते पटकन ओलांडून जातात.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला जत्रा भरते. नदीवर जायचा उतार चिखलाचा होता. म्हातारी माणसे घसरून पडत. बाबांनी तिथे कामाला हात घातला, आणि १९०८ साली घाट बांधला गेला. मग पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही झाली, ती १९५४ साली, खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. पैसा लोकांनी दिला. बाबा फक्त मागत, आणि दुसऱ्यांसाठीच मागत.

आता गंमत पाहा. ज्याच्या मामाचे शेत कागदाने नेले, त्या माणसाने आपल्या धर्मशाळांचे पक्के कागद करून घेतले. पंच नेमले. धर्मशाळांवर आपला किंवा आपल्या नातलगांचा काही हक्क नाही, असे लिहवून ठेवले. आणि ते नुसते कागदावर राहिले नाही. लाखांची धर्मशाळा उभी करणाऱ्याचे घरचे लोक बाजूच्या झोपडीत राहिले. येडाच म्हणायचा! पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. मुलगा गोविंदा कुत्रा चावून गेल्याची बातमी तिथे आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. कुणी याला वैराग्य म्हणतात. आम्हांला वाटते, रडायला घर तरी कुठे होते त्यांना? समोर बसलेली माणसे हेच घर.

कीर्तन म्हणजे काय, तर सवाल-जवाब. बोली वऱ्हाडी, आपल्या घरातली. ते विचारीत, देवळातला दिवा मालवला तर देव तुम्हांला दिसेल का? लोक म्हणत, नाही. मग मोठा कोण, देव की दिवा? लोक हसत, आणि हसता हसता गप्प होत. मग बाबा पुढचे काढीत. कर्ज काढून सण करू नका. दारू सोडा. देवापुढे बकरे कापू नका. शिवाशीव पाळू नका. आणि शेवटी ठरलेले एक: घरातली ताटे विका, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी भावाचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला. हे सांगणाऱ्याला स्वतःला अक्षर येत नव्हते. कुठल्या गावच्या किती मामांची शेते त्यांना त्या वेळी डोळ्यांपुढे दिसत असतील!

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकर गेले. बाबांच्या जिवाला ते फार लागले असे सांगतात. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी बाबांनी प्राण सोडला. गाडीत होते, रस्त्यावर. घर त्यांनी केलेच नव्हते.

अमरावतीच्या विद्यापीठाला आता त्यांचे नाव आहे.

त्याच साली ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले होते. ते कुणीतरी यंत्रावर टिपून ठेवले. आजही ते ऐकता येते. म्हाताऱ्याचा आवाज खरखरीत आहे, पण पल्लेदार आहे. बाबा विचारतात, आणि सारी माणसे एका आवाजात उत्तर देतात.