स्टेम घेतेयस ना? मग जरा बस

अगं, तू पाठवलेले तिन्ही स्टेम बघितले. दिसायला छान आहेत, पण तिन्ही फोटोंखाली तू फक्त वजन लिहिलंयस. लांबी किती, कोन किती, हँडल कितीचं बसतं, यातलं काहीच नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे राइडची तयारी तू किती मनापासून करतेयस ते मला दिसतंय, म्हणूनच ऑर्डर टाकायच्या आधी माझं थोडं ऐकून घे.

आधी वजनाचंच बोलू, कारण तेच तुझ्या डोक्यात बसलंय. आत्ता सायकलवर आहे तसा साधा ॲल्युमिनियमचा १०० मिमी स्टेम साधारण १४० ग्रॅमचा असतो. चांगला हलका घेतलास तर १०० ग्रॅमचा मिळेल. म्हणजे ४० ग्रॅम वाचले. तू आणि सायकल मिळून ७० किलो धर, आणि सिंहगडाचा घाट पाऊण तासात चढतेस असं समज. ४० ग्रॅमने तुझा वेळ फार तर दीड सेकंदाने कमी होईल. बाटलीतलं पाणी एक घोट कमी नेलंस तरी तेवढंच. हलक्या वस्तूची हौस वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. नीट बनवलेली हलकी वस्तू हातात घेतली की मलाही बरं वाटतं. पण ४० ग्रॅमसाठी बाकी सगळ्याकडे डोळेझाक करू नकोस.

बाकीचं म्हणजे मुख्यतः लांबी. स्टेम म्हणजे हँडल आणि फोर्क जोडणारा अर्ध्या वितीचा तुकडा, पण तुझे खांदे, मान आणि तळवे दिवसभर कसे राहणार ते तो ठरवतो. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. तितका वेळ ब्रेकच्या हूडवर हात ठेवून बसायचंय तुला. १० मिमीचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण दोन तासांनंतर मानेला बरोबर कळतो. तेव्हा एक कर. मैत्रिणीला बाजूने तुझा व्हिडिओ काढायला सांग, पण निघाल्या निघाल्या नको, चांगली दमल्यावर. कोपरं ताठ झाली असतील, तू सीटवर पुढे पुढे सरकत असशील, तर हँडल लांब पडतंय. मग १०० ऐवजी ९० बघ. गुडघे कोपरांच्या जवळ येत असतील आणि वरचं अंग दाटल्यासारखं वाटत असेल, तर उलट.

आणि हे नीट ऐक. दुकानात मुलगी आली की, 'मॅडम, छोटा स्टेम टाकून देतो, बसेल तुम्हाला,' असं सर्रास ऐकवतात. मोठी फ्रेम गळ्यात मारायची आणि मग ६० मिमीचा स्टेम लावून वेळ मारून न्यायची, हे मला अजिबात पटत नाही. ८० मिमीपर्यंत ठीक आहे, सायकल वळायला थोडी चपळ होते, त्याची सवय होते. त्याहून आखूड लागत असेल, तर फ्रेमच तुझ्या मापाची नाही. कधी कधी हँडलच पुढे फार पसरलेलं असतं. कमी रीचचं हँडल घेतलं की स्टेम न बदलता काम होतं.

कोनाचं गणित त्या मानाने सोपं आहे. बहुतेक स्टेमवर ६ किंवा ७ अंश लिहिलेलं असतं आणि ते सुलटे-उलटे दोन्ही बसतात. १०० मिमी लांब, ६ अंशांचा स्टेम उलटा होता तो सुलटा केलास, तर हँडल जवळपास दोन सेंमी वर येतं आणि अर्धा सेंमी तुझ्याकडे सरकतं. म्हणजे नवीन काही घेण्याआधी आहे तोच उलटून बघ. फुकटात कळेल तुला काय हवंय ते. १७ अंशांचा घेऊ नकोस. तो उलटा लावला की हँडल खाली जातं, शर्यतवाल्यांना तसंच हवं असतं. तुला तासन् तास चालवायचंय.

मापं मात्र मोजूनच घे. फोर्कचा जो दांडा वर येतो, तो स्टिअरर, बहुतेक रोड बाइकवर २८.६ मिमीचा असतो आणि हँडल मधोमध ३१.८ चं. पण जुन्या सायकलींवर २६ चं हँडल सापडतं, आणि काही कंपन्यांचा स्टिअरर जाडही असतो. ब्रेकच्या नळ्या आतून नेणारी सायकल असेल, तर बाहेरचा स्टेम बसेलच असं नाही.

आता तुझा खरा प्रश्न: कार्बन की ॲल्युमिनियम? मी ॲल्युमिनियमच सांगेन, आणि बिनदिक्कत सांगेन. फ्रेममध्ये कार्बनने वजन खूप वाचतं, पण स्टेम एवढासा, त्यात बोल्टसाठी धातू घालावाच लागतो. त्यामुळे बरेच कार्बन स्टेम चांगल्या ॲल्युमिनियमच्या स्टेमपेक्षा हलके नसतातच. काहींत तर आत ॲल्युमिनियम आणि वर कार्बनचं नुसतं आवरण असतं. तुझ्या यादीतला तिसरा, नाव नसलेला स्वस्त कार्बन, तो आत्ताच काढून टाक. कुणी बनवला, कुणी तपासला, काही पत्ता नाही. पुढच्या चाकाचा सगळा ताबा त्या तुकड्यावर असतो गं. टायर फुटला तर सावरता येतं, स्टेम तुटला तर हातात काही उरत नाही.

टायटॅनियमचं नाव ऐकून भुलायचं नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या टीम परस्यूटमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स पोर्टरचं हँडल चालू शर्यतीत तुटलं आणि तो तोंडावर आपटला. गुळगुळीत ट्रॅक, ना खड्डा ना धक्का. तुटलेला भाग टायटॅनियमचा, खास बनवून घेतलेला होता. पुढे चौकशीत निघालं की तो वारंवारच्या ताणाने थकून तुटला. किती ताण येईल याचा अंदाजच अपुरा होता, आणि वापरण्याआधी हवी तशी चाचणीही झाली नव्हती. म्हणून मी धातूच्या नावापेक्षा चाचणी बघते. आयएसओ ४२१० या मानकाला उतरलेला, चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा स्पष्ट छापलेला, नावाजलेल्या कंपनीचा ७०७५ किंवा २०१४ ॲल्युमिनियमचा स्टेम घे. १०० ते १२० ग्रॅमच्या आसपास मिळेल. तुझ्या यादीतला दुसरा फोटोवरून तसाच दिसतोय. ९० ग्रॅमच्या खाली मात्र जाऊ नकोस. तिथे भिंती पातळ होतात आणि बोल्टही बारीक, चार मिलिमीटरचे. दोनदा खोल-बंद केलं की त्यांची डोकी झिजतात. हँडल धरणारी पट्टी चार बोल्टची हवी. स्टिअररची पकड आतून गुळगुळीत, कडा गोलसर हव्यात, कारण तुझा स्टिअरर कार्बनचा आहे आणि धारदार कड त्याला चावते.

आता बसवणं. इथे मी सगळ्यात जास्त डोकं खाणार आहे, कारण चांगला स्टेम खराब होतो तो बहुतेक वेळा ॲलन की घेतलेल्या हाताने. टॉर्क रेंच घे. ५ न्यूटन-मीटरला टक्क करून सुटणारी छोटी किल्ली मिळते, ती घेतलीस तरी चालेल. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५, कधी ४ किंवा ६. तोच पाळायचा. आधी वरच्या टोपीचा बोल्ट, आणि तोही अगदी हलका. त्याचं काम फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढायचं. स्टेम धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. मग पुढच्या चाकावर पाय टेकवून वरून बघ, स्टेम चाकाच्या रेषेत आहे का. असेल तर बाजूचे बोल्ट आळीपाळीने, थोडा हा, थोडा तो, असे आवळ. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलव. खटखट आली तर बाजूचे बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून.

हँडलच्या पट्टीचे चारही बोल्ट तिरप्या क्रमाने आवळायचे. वर आणि खाली सारखी फट राहिली पाहिजे. वरची नखाएवढी आणि खालची मिटलेली, असं दिसलं तर थांब. एका बाजूने ताण येतोय. (काही स्टेमची वरची फट मिटवायचीच असते, ते सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद फेकू नकोस.) बोल्टच्या आट्यांना किंचित ग्रीस लाव, पण कार्बनला जिथे पकड लागते तिथे ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. तिने कमी आवळूनही हँडल फिरत नाही.

टायटॅनियमचे बोल्ट घेऊन आणखी वजन कमी करू का, असं विचारशील. सहा बोल्टांत जेमतेम आठ-दहा ग्रॅम. राहू दे. स्टीलचेच ठेव, मात्र पावसाळ्यात आणि घरात ट्रेनरवर चालवतेस तेव्हा ते पुसत जा. घामातलं मीठ फार लवकर खातं त्यांना.

पडलीस, अगदी हँडल वाकडं होण्याइतकं थोडंसं जरी, तर घरी येऊन स्टेम काढ आणि उन्हात बघ. बोल्टच्या छिद्रांभोवती, पट्टीच्या कोपऱ्यांत केसासारखी रेघ दिसली की तो बाद. जोरात आपटली असशील तर रेघ नसली तरी बदल, हँडलही तपासून घे. आणि ह्याच कारणाने कुणाचा वापरलेला स्टेम घ्यायचा नाही, कितीही स्वस्त दिला तरी. तो कुठे आपटलाय ते कुणी सांगत नाही.

आज संध्याकाळी तुझ्या जुन्या स्टेमवरचे आकडे वाचून मला पाठव, खाली स्पेसर किती आहेत तेही मोजून. मग ९० की १०० ते फोनवर ठरवू. बसवताना मी येते, माझी किल्ली घेऊन.