गडद गुलाबी भिंत : भाव सांगण्याआधी हिशेब करा

कुपवाड १९९८ पासून सांगली-मिरजेसह एका महापालिकेत आहे. औद्योगिक वसाहतीच्या आसपास घरे वाढली तशी रंगाऱ्यालाही कामे मिळू लागली. घरमालक शेड कार्डावर बोट ठेवून 'हा राणी रंग द्या' म्हणतो, आणि आमचा कारागीर नेहमीच्या दोन हातांचा भाव सांगून मोकळा होतो. तोटा इथेच सुरू होतो. म्हणून या रंगाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

रंग झाकत का नाही?

फिकट रंगाच्या डब्यात टायटॅनियम डायॉक्साइड ही पांढरी भुकटी भरपूर असते. खालची भिंत झाकण्याचे काम तीच करते. गडद गुलाबीसाठी दुकानदार जो बेस घेतो, त्यात ही भुकटी फार थोडी असते. ती जास्त घातली तर राणी रंग फिका पडेल. वर गुलाबी रंगद्रव्य स्वतःच बरेचसे पारदर्शक. परिणामी दोन हातांनंतरही भिंतीवर पट्टे दिसतात.

जयपूरचा गुलाबी वेगळा. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी ते शहर रंगवले गेले, असे सांगतात. तो गेरूच्या जातीचा रंग. गेरू म्हणजे लोहयुक्त माती. ती चुन्यात टिकते, उन्हात उडत नाही आणि चांगली झाकते. पण तिच्यातून झगझगीत राणी रंग निघत नाही.

हिशेब

खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट धरू. दारे-खिडक्या वजा न करता चार भिंती ४४० चौरस फूट होतात. दोन हातांना ८८० चौरस फूट काम; चार हात लागले तर १७६०. मजुरी मात्र दोनाचीच ठरलेली! गिऱ्हाइकाने १२ फुटांची एकच भिंत गडद केली, तर ते क्षेत्र १२० चौरस फूटच राहते. लहान खोलीत हाच सल्ला योग्य. चारही भिंती गडद केल्या, तर गुलाबी छटा छतावर आणि माणसांच्या चेहऱ्यावरही पडते.

कामाची रीत

१) नवा गिलावा पूर्ण वाळू द्या. ओल आणि सिमेंटचा क्षार यांमुळे रंग डागाळतो.

२) लांबी घासून प्रायमर मारल्यावर, पांढऱ्या बेसमध्ये बनवलेल्या मध्यम गुलाबी रंगाचा एक हात द्या. तो झाकण्याचे काम करतो. वरचे गडद हात कमी लागतात.

३) मशीनवर बनवलेले सर्व डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा. डब्याडब्यात थोडा फरक पडू शकतो, आणि गडद रंगात तो लगेच दिसतो.

४) भिंत मध्येच सोडून जेवायला उठू नका. कड वाळली की जोड दिसतो.

५) आधी दोन फूट चौकोनात नमुना लावून वाळू द्या. तो दिवसा आणि रात्री दिव्याखाली गिऱ्हाइकाला दाखवा. ओला रंग वाळल्यावर वेगळा दिसतो.

६) जिथे थेट ऊन येते, त्या भिंतीसाठी न उडणारी छटा दुकानदाराला विचारून घ्या.

शेवटी, किती हात द्यायचे आणि जादा हाताचा भाव काय, हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून द्या. आधी सांगितलेला जादा पैसा गिऱ्हाईक समजून देतो; नंतर मागितला तर तो फसवणूक समजतो. कारागिराचे पुढचे काम याच विश्वासावर मिळते.