श्रांताचे घर

दुर्गच्या पश्चिमेस, मुंबई-हावडा लोहमार्गावर रसमडा हे स्थानक आहे. जवळच्या भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. झोतभट्टीला रात्र ठाऊक नसते. म्हणून माणसाला पाळीने जागावे लागते. अशा श्रांत जीवाने विसावा कोठे शोधावा?

प्रथमाध्यायात अर्जुनाची गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून निसटू लागले. तरी भगवंतांनी त्याला रणांगणाबाहेर नेले नाही. नवव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात ते स्वतःस 'निवास', 'शरण' आणि 'सुहृद्' म्हणवितात. अमरकोशात 'शरण' शब्दाचे दोन अर्थ आहेत : रक्षणकर्ता आणि घर. मराठीत 'शरण जाणे' म्हणजे हार पत्करणे असे वाटते. येथे मात्र ते घरी परतणे आहे. आणि आपल्या घरात शिरताना थकवा आड येत नाही.

म्हणून साधकहो, 'मन निवांत झाले की स्मरण करीन' असे म्हणू नये. पाळी सुटल्यावर पाठ टेकताना दिवसाचे बरेवाईट त्याच्या स्वाधीन करावे आणि स्वस्थ निजावे. अतिजागरण्याला योग साधत नाही, हेही सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे.

गीतेच्या शेवटी अर्जुन त्याच रणांगणावर उभा राहिला. कर्म तेच होते. घर मात्र गवसले होते.