कसब शिकणें आणि काम मिळणें

वाचकहो, सुगी आटोपली म्हणजे गांवोगांवीं तरुण मुलें पारावर बसलेलीं दिसतात. त्यांस आळशी म्हणणें सोपें आहे. परंतु त्यांची अडचण निराळी आहे. “काम येतें काय?” असें मालक विचारतो, तेव्हां “शिकेन” एवढेंच उत्तर त्यांच्यापाशीं असतें. आणि काम मिळाल्यावांचून तें शिकावें कोठें? ही गांठ प्रशिक्षणानें कशी सुटते, हें आज आपण पाहूं.

पहिली गोष्ट, हाताला वळण लागतें. भारत सरकारनें १९५० सालीं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. तींत चालणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना लोक आयटीआय म्हणतात. तेथें वेल्डरचा शिक्षणक्रम एक वर्षाचा, तर फिटरचा व विजेच्या कामाचा दोन वर्षांचा आहे. पुस्तकापेक्षां हातकामालाच तेथें अधिक वेळ देतात. शिकतांना लोखंड वायां गेलें, तरी कोणाची भाकरी बुडत नाहीं.

दुसरी गोष्ट, साक्ष मिळते. हातच्या कांकणाला आरसा नको हें खरें. पण हातांतलें कसब कांकणासारखें दिसत नाहीं. ज्याचा शहरांत कोणी ओळखीचा नाहीं, त्याच्याविषयीं अनोळखी मालकापुढें प्रमाणपत्रच बोलतें.

तिसरी गोष्ट, कारखान्याचें दार उघडतें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणें, ठराविक संख्येहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस उमेदवार घ्यावे लागतात व त्यांस विद्यावेतन द्यावें लागतें. शिकणें व कमावणें येथें एकत्र येतें, आणि आरंभीं सांगितलेली गांठ सुटते.

ज्यांस गांव सोडतां येत नाहीं, त्यांच्यासाठींही वाट आहे. कर्नाटकांतील उजिरे येथें १९८२ सालीं ग्रामीण तरुणांस स्वतःचा धंदा शिकविणारी एक संस्था निघाली. तिच्या धर्तीवर आज जिल्ह्याजिल्ह्यांत बँका ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवितात. शिक्षण, राहणें व जेवण तेथें मोफत असतें. आणि विशेष हें कीं, शिक्षण संपल्यावरही दोन वर्षेंपर्यंत शिकलेल्याची विचारपूस होते.

तथापि सावध असावें. प्रशिक्षणानें माणूस कामाजोगा होतो, पण काम निर्माण होत नाहीं. जेथें दहा शिवणयंत्रांपुरतें काम आहे, तेथें चाळीस जणींस शिवण शिकविलें, तर तीस यंत्रें धूळ खातील. आमच्या पाहण्यांतील एका बापानें शेळ्या विकून मुलास खासगी क्लासांत घातलें. तीन महिन्यांनीं रंगीत कागद मिळाला. पण मुलानें हत्याराला हातही लाविला नव्हता. शेळ्या गेल्या, आणि मुलगा पुन्हा पारावर येऊन बसला.

म्हणून मुलास अथवा मुलीस पाठविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे:

१. येथें दिवसांतून किती तास प्रत्यक्ष हत्यार हातीं मिळतें?

२. प्रमाणपत्र कोणाचें, व मालक तें मानतात काय?

३. गेल्या वर्षीं शिकून गेलेले आज कोठें काम करितात?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नांवनिशीवार मिळालें, तर समजावें कीं संस्था खरी आहे. गांवांतील शिक्षकांनीं व वडीलधाऱ्यांनीं एक दिवस काढून मुलाबरोबर जावें आणि कर्मशाळा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी. तेवढी एक खेप त्या घरच्या शेळ्या वांचवील, आणि कदाचित् मुलाचा जन्मही मार्गीं लावील.