गाडीच्या तळाच्या फळ्या : डागडुजी व तेलपाणी

वळसंगच्या काळ्या रानांत गाडीस बाराही महिने काम असतें, आणि कामावरून सुटलेली गाडी बहुधा उघड्यावरच उभी राहते. बैलांस गोठा असतो. गाडीच्या फळ्यांची मात्र कोणास आठवण होत नाहीं. आतां पुष्कळ गाड्यांचीं चाकें रबरी झालीं, तरी तळ अद्याप लाकडीच आढळतो.

आमची चूक प्रथम सांगतों. वस्तीवरील गाडीच्या फळ्या करड्या पडल्या, म्हणून आम्हीं त्या नुसत्या झाडून रोहिणी नक्षत्रांत त्यांवर बाजारच्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. दसऱ्यास त्याचे पापुद्रे नखानें निघूं लागले व खालीं लाकूड ओलें आढळलें. रंग वाईट नव्हता. ज्यावर तो दिला तो लाकडाचा थर मेलेला होता.

याचें कारण असें. लाकडाचे तंतू एकमेकांस धरून ठेवणाऱ्या द्रव्यास लिग्निन म्हणतात. सूर्याच्या अतिनील किरणांनीं तें विघटित होतें व पावसानें धुऊन जातें. मागें सुटे, करडे तंतू तेवढे राहतात. रंग त्यांस चिकटतो आणि त्यांच्यासह गळून पडतो. शिवाय तळावर पोतीं ओढलीं जातात, फावडें घासतें. रंगाचा कडक थर एकदां फुटला कीं आंत शिरलेलें पाणी त्याच थरामुळें लवकर सुकत नाहीं. सबब तळास वर बसणारा रंग नको, आंत मुरणारें तेल पाहिजे, असें आमचें मत झालें आहे.

सोलापुराकडे पावसाचा मोठा भर सप्टेंबरांत असतो. म्हणून हें काम दिवाळीनंतर काढावें. ज्वारीच्या काढणीस गाडी तयार होते.

प्रथम प्रत्येक फळी टोच्यानें पाहावी. टोच्या सहज आंत गेल्यास फळी बदलावी. तेलानें कुजलेलें लाकूड सुधारत नाहीं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें व काथ्याच्या कुंचीनें तळ धुऊन, स्वच्छ पाणी ओतून, चार दिवस सावलींत वाळवावा. बाभळीच्या फळीस खिळ्याभोंवतीं काळे डाग पडतात, ते तिच्यांतील टॅनिन व लोखंड यांच्या संयोगाचे होत. त्यांच्या मागें लागूं नये. मग साठ नंबरी पॉलिश-कागदानें रेषेच्या दिशेनें ताजें लाकूड दिसेपर्यंत घासावें.

जुना रंग असेल तेथें मात्र कोरडें घासूं नये. जुन्या रंगांत, विशेषतः शेंदरी अस्तरांत, शिसें असे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. असा रंग ओला करून, नाकातोंडावर फडकें बांधून खरवडावा, आणि त्याची खपली वैरणींत जाऊं देऊं नये. गुरें ती चाटतात व विष बाधतें.

घासलेल्या फळीवर पाण्याचे थेंब टाकावे. जिरले तर लाकूड तयार. मोत्यासारखे उभे राहिले तर आणखी घासावें. पुन्हां वाळल्यावर आठवड्याच्या आंत तेल द्यावें.

तेल उकळलेलें जवसाचें घ्यावें. पहिल्या हातास त्यांत निम्में टर्पेंटाइन मिसळावें. दुसऱ्या हातांत वस्त्रगाळ गेरू घातल्यास उत्तम, कारण गेरूंतील लोहाचें संयुग ऊन अडवितें. फळ्यांच्या टोंकांस दोनतीनदां पाजावें. लाकूड टोंकांतूनच अधिक पाणी पितें. खालची बाजूही विसरूं नये. वीस मिनिटांनीं न जिरलेलें तेल पुसून घ्यावें, नाहींतर तें चिकट राहतें. करडई आपल्या भागाचें पीक, तेव्हां तिचें तेल कां नको, असें कोणी विचारील. जुन्या वाणांचें तेल सुकतें, परंतु जवसापेक्षां सावकाश. ओलीक आम्ल अधिक असलेल्या नव्या वाणांचें तर नीट सुकतच नाहीं. इंजिनाचें जळकें तेल फुकट मिळतें खरें, पण तें धान्याच्या पोत्यांस लागतें, त्यांत अपायकारक द्रव्यें असतात, आणि पुढें त्यावर दुसरें कांहींच धरत नाहीं.

तेल पुसलेल्या चिंध्यांविषयीं फार जपावें. जवसाचें तेल सुकतांना उष्णता सोडतें. चिंध्यांचा बोळा करून टाकल्यास ती आंत कोंडते आणि काडी न लावतां चिंध्या पेटतात. कडब्याच्या गंजीजवळ असा एक बोळा पडला तर वर्षाची वैरण जाईल. त्या पाण्यानें भरलेल्या डब्यांत बुडवाव्या, किंवा मोकळ्या जागीं एकेक पसरून वाळवाव्या.

पुढील दिवाळीस पुन्हां थेंब टाकून पाहावे. जिरूं लागले असतील तर तळ धुऊन, वाळवून तेलाचा एक हात पुरे होतो; घासण्याचें काम पुन्हां पडत नाहीं.