आठ कोर, एक कुलूप

२००४ साली इंटेलने ‘तेजस’ नावाचा येऊ घातलेला प्रोसेसर रद्द केला. घड्याळाचा वेग वाढवत नेला की चिप तापते, आणि त्या तापण्यावर उपाय सापडत नव्हता. पुढच्याच वर्षी बाजारात दोन कोरचे प्रोसेसर आले. तोवर आम्हा प्रोग्रॅमर मंडळींची चैन होती. कोड तोच ठेवायचा, नवीन मशीन घ्यायचं, प्रोग्रॅम आपोआप पळायचा. ती चैन संपली. त्यानंतर मल्टिकोरवर सी आणि सी प्लस प्लसचा कोड पळवताना जे पदरात पडलं, ते असं.

१. आधी मोजा, मग थ्रेड काढा.
‘हे लूप जड दिसतंय’ यावर कधीच जाऊ नये. लिनक्सवर ‘पर्फ’ फुकट मिळतं. दहा मिनिटं ते चालवलं की वेळ नेमका कुठे जातोय ते कळतं. इमेज प्रोसेसिंगच्या एका कोडमध्ये सगळ्या टीमचा संशय फिल्टरवर होता. प्रत्यक्षात वेळ जात होता दर फ्रेमला नव्याने मेमरी मागण्यात. ती मागणी लूपच्या बाहेर नेली आणि थ्रेडची गरजच उरली नाही.

२. अ‍ॅमडालचं गणित कोटेशनच्या आधी करा.
जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय: कोडचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. ९५ टक्के काम वाटता येत असेल तर ८ कोरवर वेग साधारण ५.९ पट होतो. कोर कितीही वाढवा, २० पटींच्या पुढे जाता येत नाही. विक्रीवाले ग्राहकाला ‘८ कोर, ८ पट’ सांगून मोकळे होतात. निस्तरायचं आपल्याला असतं.

३. पहिलं हत्यार ओपनएमपी.
१९९७ मध्ये ते फोरट्रानसाठी आलं, वर्षभरात सी आणि सी प्लस प्लससाठीही. लूपच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, कंपायलरला एक फ्लॅग द्यायचा, बस. लूपचं काम थ्रेडमध्ये वाटलं जातं. फ्लॅग काढला की तोच कोड पूर्वीसारखा एका थ्रेडवर चालतो, म्हणजे उत्तर ताडून बघायची सोय घरातच. मला याचं मोल वेगापेक्षा जास्त वाटतं.

पण ती एक ओळ लिहिली की काम झालं, असं नाही. साध्या बेरजेचं लूप घ्या. बेरीज ४० वर आहे. दोन थ्रेड एकाच क्षणी ती वाचतात. एक त्यात ५ मिळवून ४५ लिहितो, दुसरा ७ मिळवून ४७ लिहितो. हवे होते ५२, हाती आले ४७, आणि पहिल्याचे ५ कुठे गेले याची कुठेही नोंद नाही. हीच ती ‘रेस’. यावर पुष्कळ जण ‘क्रिटिकल’चं कुलूप लावतात. उत्तर बरोबर येतं, पण आठही थ्रेड रेशनच्या दुकानासारखे एका खिडकीपुढे रांग लावून उभे राहतात, आणि प्रोग्रॅम आधीपेक्षाही सावकाश चालतो. इथे हवं असतं ‘रिडक्शन’. प्रत्येक थ्रेडची बेरीज वेगळी, शेवटी एकदाच एकत्र.

४. रेस डोळ्यांनी सापडत नाही.
आपल्या मशीनवर हजार वेळा बरोबर चाललेला कोड ग्राहकाकडे पहिल्याच दिवशी चुकतो. डीबगर लावला की वेळेचं गणित बदलतं आणि चूक लपते. त्यासाठी थ्रेड सॅनिटायझर. क्लँग आणि जीसीसी, दोन्हींत तो येतो. कोणत्या दोन थ्रेडनी, कोणत्या ओळीवर, एकाच मेमरीला हात लावला ते तो दाखवतो. प्रोग्रॅम ५ ते १५ पट मंदावतो, म्हणून तो रात्रीच्या बिल्डमध्ये ठेवावा. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. कोडची जी वाट चाललीच नाही, तिच्यावरची रेस त्याला दिसत नाही. आणि जीसीसीच्या ओपनएमपीबरोबर तो खोट्या तक्रारींचा ढीग लावतो. तिथे क्लँग घ्यावा, सोबत ओपनएमपीची भाषा त्याला समजावणारं आर्चर.

५. चौसष्ट बाइटचं भांडण.
आठ थ्रेड, आठ वेगळे काउंटर, कुलूप कुठेच नाही, तरी वेग वाढत नाही. कारण ते काउंटर एका अ‍ॅरेत शेजारी शेजारी बसलेत. नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर कॅशची एक ओळ ६४ बाइटची असते, म्हणजे आठ-आठ बाइटचे आठ काउंटर एकाच ओळीत मावतात. एका कोरने आपल्या काउंटरवर लिहिलं की बाकीच्यांकडची ती सगळी ओळ बाद होते. ‘पर्फ सीटूसी’ हे पकडून देतं. उपाय म्हणजे काउंटर लांब लांब बसवणं. थोडी मेमरी वाया गेली तर जाऊ द्या.

६. शेवटच्या दशांशावरून घाबरू नका.
फ्लोटिंग पॉइंटची बेरीज क्रम बदलला की किंचित बदलते, आणि थ्रेड क्रम बदलतातच. चाचणीत दोन उत्तरं तंतोतंत जुळवू नका, किती फरक चालेल ते आधी ठरवा. हिशेब पैशांचा असेल तर फ्लोट वापरूच नका, पण तो विषय वेगळा.

७. टूल निवडताना त्याच्यामागे कोण उभं आहे ते बघा.
एमआयटीत जन्मलेलं सिल्क मला आजही ओपनएमपीपेक्षा देखणं वाटतं. २००९ मध्ये ते इंटेलकडे गेलं, सिल्क प्लस म्हणून जीसीसीतही आलं, आणि २०१८ च्या आठव्या आवृत्तीत जीसीसीने ते काढून टाकलं. ओपनसिल्क या नावाने ते अजून जिवंत आहे, पण त्यावर उभे केलेले कोड अनेकांना पुन्हा लिहावे लागले. ओपनएमपीचं प्रमाण अनेक कंपन्या आणि संशोधन संस्था मिळून सांभाळतात, म्हणून ते टिकलं. आज मी साध्या लूपसाठी तेच घेतो. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांसाठी टीबीबी ही लायब्ररी घेतो. तीही इंटेलकडूनच आली, पण २००७ पासून ओपन सोर्स आहे. स्वतःच्या हाताने थ्रेड काढून, हाताने कुलपं लावून लिहिलेला कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला, तर सबळ कारण दिल्याशिवाय मी तो पास करत नाही.