फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी

अगं, आधी डोळे पूस. निळा पडदा आला म्हणून लॅपटॉप गेला असं होत नाही. प्रोजेक्ट तोंडावर आलाय, जीव टांगणीला लागलाय, कळतंय मला. पण उद्या उठून लॅमिंग्टन रोडवरची दुरुस्तीची दुकानं गाठू नकोस. तिथे चांगले कारागीर आहेत, पण घाईत कुणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणालं की तू मान डोलावशील आणि वर्षभराच्या कामावर पाणी पडेल.

हा पडदा का येतो ते आधी समजून घे. कर्नल हा सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, वायफाय, सगळं त्याच्या हातात. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटाच बंद पडतो. गाभ्यात गडबड झाली तर आणखी नुकसान नको म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. 19 जुलै 2024 आठवतोय ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख यंत्रं अशीच ठप्प झाली, आपल्या मुंबई विमानतळावर हातानं चेक-इन करायची पाळी आली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये शिरून ती एक फाइल काढायची. फॉरमॅट नव्हे! अनेकजण अडले ते डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरच्या चावीपाशी.

म्हणून पहिलं काम तेच. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा आणि ती 48 आकडी रिकव्हरी की वहीत उतरवून घे. मग लॅपटॉप जेवढा वेळ चालतोय तेवढ्यात प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घे. बाकी सगळं नंतर.

पुन्हा पडदा आला (नव्या विंडोजमध्ये तो काळा असतो) की खालच्या स्टॉप कोडचा फोटो काढ. कोडमध्ये ‘ड्रायव्हर’ असेल तर हल्ली काय नवीन टाकलंस ते आठव, ते सेफ मोडमधून काढ. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर माझा संशय रॅमवर. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोध आणि रात्री लावून ठेव. मागे रॅम वाढवून घेतली होतीस ना? मग दुकानात एकेक पट्टी काढून, दुसरीवर चालवून, तुझ्यासमोर तपासायला सांग. पट्टी नीट बसलेली नसली तरी हेच होतं.

आणि पडदा न येता फटकन बंद पडत असेल, तर विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर 41’ दिसेल. त्याला घाबरू नकोस. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही. माझा संशय उष्णतेवर. तू गादीवर लॅपटॉप ठेवून बसतेस, खालच्या जाळ्या पार बुजतात. हात लावून बघ, चटका बसतो. आजपासून पाटावर ठेव.

एवढं करून नाही जमलं तर शनिवारी मी लालबागला येते, दोघी मिळून लॅमिंग्टन रोडला जाऊ. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात.